खुर्ची कुठे होती?

ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांचं नाव डोनल नव्हतं. कॉलेजचं नावही मी सांगणार नाही. आयर्लंडमध्ये आफ्रिकेचा इतिहास शिकवणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. गाव सांगितलं तरी माणूस कळेल. म्हणजे सुरुवातीलाच मी दोन गोष्टी लपवल्या. सर आत्ता इथे असते तर वर्गाकडे वळून म्हणाले असते, "ग्रँड. आता ही बाई आणखी काय काय लपवते, त्यावर लक्ष ठेवून वाचा."

हे 'ग्रँड' म्हणजे भव्यदिव्य काही नाही. आपण 'बरं' म्हणतो ना, तितकंच. इथे चहा ग्रँड असतो, पाऊस थांबला की ग्रँड असतं आणि पाय मोडलेल्या माणसाला विचारलं तर तोही ग्रँडच असतो.

माझ्या नवऱ्याला, मंदारला, इथल्या एका औषध कंपनीत नोकरी लागली आणि मी त्याच्यामागून आले. पुण्यात अकरा वर्षं फ्रेंच शिकवलं होतं. इथे दीड वर्ष खिडकीतून बंदरातली जहाजं मोजली आणि एक दिवस कॉलेजच्या सूचनांमध्ये वाचलं, की इतिहास विभागात संशोधनासाठी विद्यार्थी हवा, फ्रेंच उत्तम पाहिजे. इतिहासाशी माझा संबंध दहावीला संपला होता. पण त्यांना फ्रेंच वाचणारं कोणीतरी हवं होतं आणि मला घराबाहेर पडायला कारण हवं होतं, तेव्हा जमलं.

डोनलसर उंच, किंचित वाकलेले, साठी ओलांडलेले. स्वेटरची उजवी बाही नेहमी ओली. पाऊस असो नसो, गाडीची काच खाली करून कोपर बाहेर काढल्याशिवाय त्यांना गाडी चालवता येत नसे. दुपारी दोन उकडलेली अंडी खात. टेबलाच्या कडेवर ती फोडत आणि जुन्या कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीतून मीठ घालत. 'सर' म्हटलेलं त्यांना मुळीच आवडत नसे. "सर पोलिसाला म्हणतात," ते म्हणाले, "आणि तेही पकडलं गेल्यावर. मला डोनल म्हण." मला जमेना. गुरूला नुसत्या नावाने हाक मारायची म्हणजे जीभ टाळूला चिकटते. शेवटी 'डोनलसर' अशी तडजोड झाली आणि त्यांना ते मराठीतलं काहीतरी टोपणनाव वाटलं.

त्यांचा विषय दाहोमे. पश्चिम आफ्रिकेतलं, फ्रेंच येण्याआधीचं राज्य. राजधानी आत, अबोमेला. माणसं विकत घ्यायला आलेले गोरे खाली किनाऱ्यावर. या राज्याविषयी जे जुनं लिखाण आहे ते बहुतेक या गिऱ्हाइकांचंच. गुलामांचा व्यापार करणारा लिहितो, की राजा इतका रक्तपिपासू आहे, की आम्ही माणसं विकत घेतो म्हणजे त्यांचे प्राणच वाचवतो. व्यापार बंद करू पाहणारा तेच वर्णन उचलतो आणि लिहितो, बघा, तुमच्या व्यापाराने राजाला कसं बिघडवलं. दोघांनाही राजा क्रूरच हवा असतो. मग राजा खरंच कसा होता, हे कुणाला विचारायचं?

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. एक खुर्ची उचलली आणि वर्गाच्या बाहेर, पार जिन्यापाशी नेऊन ठेवली. परत येऊन राजाच्या दरबारातल्या एका सोहळ्याचं वर्णन वाचून दाखवलं. छत्र्या, ढोल, बळी, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं राहील असं. मग म्हणाले, "युअर मॅन हे लिहीत होता, तेव्हा खुर्ची कुठे होती?" 'युअर मॅन' म्हणजे तो गृहस्थ, आपला तो बाबा. सर जुन्या लेखकांना नावाने कधी संबोधतच नसत. तीनशे वर्षांपूर्वीचा जहाजाचा कप्तान असो की पाद्री, सगळे युअर मॅन. सरांनी दारातून बाहेर बोट दाखवलं. "तिथे. किनाऱ्यावर, व्हरांड्यात, तापाने फणफणलेला. अबोमेला तो गेलाच नाही. त्याने हे सगळं दुसऱ्याच्या वहीतून उतरवलं."

"कसं कळलं?" कुणीतरी विचारलं.

"चुकीवरून. दोन मुलांचं उत्तर बरोबर आलं तर दोघांनी अभ्यास केला असेल. पण दोघांची चूक सारखी असली, तर एकाने दुसऱ्याची वही बघितली आहे."

मी अकरा वर्षं पेपर तपासले होते. हे मला आधीच माहीत होतं, पण ते इतिहासालाही लागू पडतं हे तेव्हा कळलं. त्या दिवशी मी बसने घरी आले ती माणूस सापडल्याच्या आनंदात. मंदारला म्हटलं, असा शिक्षक मला विशीत भेटायला हवा होता.

तीन प्रश्न ते प्रत्येक कागदाला विचारायला लावत. कोण सांगतंय? खुर्ची कुठे होती? कशासाठी सांगतंय? एकदा ते आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा सासूबाई कराडहून आल्या होत्या. भाजी-भाकरी खाताना सर घामाघूम झाले, तरी ग्रँड म्हणत राहिले. बोलण्याच्या ओघात सासूबाईंनी त्यांच्या सासरच्या आंब्याच्या झाडावरून दोन भावांत झालेल्या भांडणाची गोष्ट सांगितली. कोण काय म्हणालं, कुणी कुऱ्हाड उचलली, सगळं. मी भाषांतर करत होते. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आणि तुमची खुर्ची कुठे होती?"

सासूबाई म्हणाल्या, "खुर्ची कुटली आलीया? मी चुलीपाशी व्हते. चुलीपाशी समदं ऐकू येतंय. पण कुऱ्हाड काय मी बघितली न्हाई, ती धाकल्या जावेनं सांगितली. तिला जरा वाढवून सांगायची खोड हाय."

सर काटा खाली ठेवून बघतच राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी ही गोष्ट वर्गात सांगितली. म्हणाले, आजवर वाचलेल्या साक्षीदारांत ही बाई सर्वांत चोख, काय ऐकलं आणि काय पाहिलं हे तिने न विचारता वेगळं करून दिलं. मला इतका अभिमान वाटला, की मी फोन करून सासूबाईंना सांगितलं.

पण सरांचं नाव झालं होतं ते अबोमेच्या म्हाताऱ्यामुळे. तरुणपणी ते तिथे काही महिने राहिले होते. तिथे त्यांना राजवाड्यातल्या ढोल वाजवणाऱ्यांच्या घराण्यातला एक म्हातारा भेटला. त्याने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेली एक गोष्ट सांगितली. राजाने किनारा जिंकला तेव्हा त्याने गोऱ्यांकडे जासूद पाठवला. जासूद होडीने नदी ओलांडून गेला आणि त्याने निरोप दिला, की राजाला माणसं विकायची नाहीत, तुमचे कारागीर इकडे पाठवा, त्यांनी इथे राहून वस्तू बनवाव्यात. राजाला हा व्यापार खरोखर थांबवायचा होता का, यावर विद्वान वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. गोऱ्यांच्या कागदांवर विसंबायचं कसं, हा प्रश्न होताच. इथे प्रथमच घरातला आवाज मिळाला होता. सरांचं पुस्तक त्या आवाजावर उभं होतं.

ही गोष्ट सांगताना ते खुर्चीत मागे रेलत, डोळे मिटत आणि हात गुडघ्यांवर ठेवत. "असा बसला होता तो. डोळे मिटून. हातात कागद नाही, समोर पुस्तक नाही." दरवर्षी शेवटच्या तासाला हा प्रयोग व्हायचा. मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा अंगावर काटा आला.

प्रबंधासाठी मी हाच म्हातारा घेतला. सरांनी तेव्हा त्याचं बोलणं ज्यांवर टिपलं होतं, त्या कॅसेटी संगणकावर उतरवण्याचं कामही मलाच दिलं. दोन ते अकरा. पहिली ओलीने खराब झाली, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि आयर्लंडमध्ये कुठलीही वस्तू ओलीने खराब झाली म्हटलं तर कुणी शंका घेत नाही. मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना कॅसेट प्लेअर मांडून बसायची. म्हातारा बोले ती फॉन भाषा मला येत नव्हती, पण दुभाषा मधे मधे फ्रेंचमध्ये सांगे. चौथ्या कॅसेटमध्ये रस्त्यावरून जाणारी मुलं ओरडलेली ऐकू येतात, "बोंझूर, मेत्र!"

मी पुन्हा ऐकलं. मेत्र म्हणजे मास्तर. शाळेतली पोरं मास्तरांना म्हणतात. पुण्यात माझे विद्यार्थी मला त्याचंच स्त्रीलिंगी रूप म्हणत. सर चहा करत होते, त्यांना विचारलं, "मुलं याला मेत्र का म्हणतात?"

"मानाने," ते पाठमोरेच म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तिकडे."

मी मान डोलावली आणि लिहून ठेवलं, 'मानाने'. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी पडताळून पाहिलं असतं. सरांनी सांगितलेलं कोण पडताळतं? आपल्याकडे शिक्षकाला 'तुम्हाला कोणी सांगितलं' असं विचारणारा विद्यार्थी उद्धट ठरतो. सासूबाईंच्या जावेलासुद्धा ज्या चाळणीतून काढलं, त्यातून सरांना काढायचं मला सुचलं नाही.

आणि ती नदी. अबोमेहून किनाऱ्यापर्यंतच्या वाटेवर दलदल आहे, होडीने ओलांडावी अशी नदी नाही. सरांनी पुस्तकात लिहिलं होतं, की ही नदी खरी नाही, ती जिवंत आणि मेलेल्यांच्या मधली सीमा आहे. मी त्यावर आणखी चार पानं लिहिली. इतकी सुरेख लिहिली, की मीच ती पुन्हा पुन्हा वाचत असे. सरांनी समासात एकच शब्द लिहिला, 'सुंदर'.

तिसऱ्या वर्षी सरांचं खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं. ते एकटेच राहत. दवाखान्यातून त्यांचा फोन आला, "किल्ली कुंडीखाली आहे. हॉट प्रेसमधून दोन टॉवेल आणि पायजमा आणशील?" इथे प्रेस म्हणजे कपाट. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, त्यात धुतलेले कपडे पुरते वाळवायला ठेवतात. आयरिश घरात एवढी कोरडी जागा दुसरी नसते. टॉवेल ओढला आणि मागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. त्यात एक कॅसेट होती. सरांच्या अक्षरात त्यावर आकडा, एक.

तिला ओल लागलेली नव्हती. प्लेअर टेबलावर होताच. मी सरांच्याच खुर्चीत बसून ती लावली.

ही कॅसेट सगळी फ्रेंचमध्ये होती. म्हाताऱ्याचं फ्रेंच शुद्ध, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. दोन मिनिटांत मला कळलं, की हा माणूस जन्मभर वर्गात उभा राहिलेला आहे. तो म्हणाला, "थांबा, बघून सांगतो." पानं उलटल्याचा आवाज. मग त्याने वाचायला सुरुवात केली. राजा, जासूद, होडी, नदी. वाचून झाल्यावर म्हणाला, "हे मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं. पाठ आहे. एका पाद्र्याचं पुस्तक आहे, तो किनाऱ्यावरच राहायचा. पुस्तकाचं नाव लिहून घ्या, महाशय."

तरुण डोनल म्हणाले, "लिहितो." मग, "मेत्र, आता पुस्तक बाजूला ठेवा. डोळे मिटा. आणि तुमच्या भाषेत सांगा."

म्हातारा हसला. "पण मग ती माझीच गोष्ट वाटेल."

"वाटू दे," डोनल म्हणाले.

मी कॅसेट थांबवली नाही, संपेपर्यंत ऐकली. मग टॉवेल आणि पायजमा पिशवीत भरला, दवाखान्यात नेऊन दिला, कसं वाटतंय विचारलं. ते ग्रँड होते. बसमध्ये मात्र मला रडू आलं. माझी चार पानं वाया गेली म्हणून नाही. तो म्हातारा मास्तर मला दिसत होता. त्याने आपणहून सांगितलं होतं, खुर्ची कुठे होती ते. पुस्तक दाखवलं, नाव लिहून घ्या म्हणाला. सासूबाईंइतकाच चोख साक्षीदार. त्याला डोळे मिटायला लावून जगापुढे बसवला. आणि जी चूक पकडायला आम्हाला शिकवलं, ती नदी, ती पाद्र्याच्या पुस्तकातून उतरवलेली नदी, माझ्या चार पानांत वाहत होती आणि सर तिच्या कडेला 'सुंदर' लिहीत होते.

सर घरी आल्यावर दोन आठवड्यांनी मी गेले. डबा टेबलावर ठेवला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, काठी टेकत उठले आणि किटली लावली.

"ऐकलीस?"

"हो."

"सगळी?"

"सगळी. सर, तो मास्तर होता."

"ढोलवाल्यांच्या घराण्यातलाही होता. ते खोटं नाही." ते कपात दूध घालत होते. "आणि तो नंतर असंही म्हणाला, की पाद्र्याला ही गोष्ट त्याच्याच आजोबांनी सांगितली असेल. असेलही. कुणास ठाऊक?"

"मग तसं लिहायचं होतं."

"तसं लिहिलं असतं तर त्याची तळटीप झाली असती. तळटीप कुणी वाचत नाही."

"मी वाचते. तुम्हीच शिकवलंत."

किटली उकळून बंद झाली, तरी ते तिथेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळले आणि वर्गातल्या आवाजात म्हणाले, "तीन वर्षांत तू मला एकदाही विचारलं नाहीस, खुर्ची कुठे होती."

तेव्हा मात्र माझा संताप झाला. म्हटलं, "विचारलं होतं. इथेच, या टेबलावर. मुलं मेत्र का म्हणतात ते विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, मानाने."

त्यांना ते आठवत नसावं. किंवा आठवत असावं. त्यांनी चहा ढवळला, बराच वेळ ढवळला आणि म्हणाले, "त्या प्रकरणाचं तुला योग्य वाटेल ते कर."

टॉवेल आणायला त्यांनीच मला पाठवलं होतं. डबा तिथे आहे हे ते विसरले होते, की कुणाला तरी तो सापडावा असं त्यांना वाटत होतं? यावर माझ्याकडे पुरावा नाही.

घरी मंदार म्हणाला, "आधी पदवी हातात पडू दे, मग काय क्रांती करायची ती कर." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पर तू तोंड उघडणार हायस का न्हाई?" मी उघडलं नाही. चाळीस पानांचं प्रकरण काढून टाकलं आणि पाच महिने लावून दुसरं लिहिलं, किनाऱ्यावरच्या कागदांवर, निरस पण खरं. म्हाताऱ्याचा उल्लेख कुठेच केला नाही. सरांनी ते वाचलं, स्वल्पविराम दुरुस्त केले, सही केली. सुंदर वगैरे काही लिहिलं नाही. ऋणनिर्देशात मी पहिलं नाव त्यांचंच घातलं. रीतच आहे तशी.

मागच्या वसंतात ते निवृत्त झाले. विभागात छोटा समारंभ होता, केक, चहा, जुने विद्यार्थी. कुणीतरी म्हणालं, डोनल, शेवटचं एकदा, अबोमेचा म्हातारा. मला वाटलं, ते नाही म्हणतील. मी समोर दाराशी उभी होते, त्यांनी मला पाहिलंही होतं. पण ते खुर्चीत मागे रेलले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि डोळे मिटले. जासूद निघाला. होडीत बसला. नदी ओलांडली. माझ्या शेजारची एक मुलगी तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मी पूर्वी अशीच ऐकायची.

गोष्ट संपल्यावर डोळे उघडून ते म्हणाले, "त्याची पहिली कॅसेट ओलीने खाल्ली. नाहीतर आज तुम्हाला त्याचा आवाज ऐकवला असता."

"आता दुरुस्त करता येतात की अशा कॅसेटी," विभागप्रमुख बाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "कॅसेटींचं काम तूच केलंस ना? होणार नाही का काही?"

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. सरही. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही, भीतीसुद्धा नाही. त्यांना माझी खात्री होती. कुणी सांगावं, पहिल्या दिवशी 'सर' म्हटलं तेव्हापासूनच असेल.

"नाही," मी म्हणाले. "ती पूर्णच गेलीये."

सर हसले. विभागप्रमुख बाईंना म्हणाले, "हिचं ऐका. प्रत्येक कॅसेट हिने स्वतः ऐकली आहे. या विभागातली सगळ्यात विश्वासू साक्षीदार." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या त्यांच्यासाठी होत्या, पण बाईंनी माझा खांदाही थोपटला.

तर कोण सांगतंय, ते तुम्हाला कळलं. कॅसेट ऐकताना खुर्ची त्यांच्या स्वयंपाकघरात होती, टेबलापासून हातभर. मी स्वतः ऐकलं. आणि कशासाठी सांगते आहे? मला राग आहे म्हणून. तो वजा करून वाचा.

नंतर मी बसथांब्यावर उभी असताना त्यांची गाडी कॉलेजच्या फाटकातून बाहेर आली. भुरभुर पाऊस होता आणि उजवी काच खाली. शेजारच्या सीटवर उरलेल्या केकचं खोकं होतं. इथली गावाकडची माणसं गाडी चालवताना ओळखीचं कुणी दिसलं, की स्टिअरिंगवरून एक बोट उचलतात, बाकी हात हलत नाही. सरांनी मला पाहिलं आणि बोट उचललं.

मी हात वर केला. तो खाली घ्यायचं सुचेपर्यंत गाडी वळून गेली होती.